पात्र ग्राहकांनीच रांगेत उभे राहावे

विजेचा कुकर घरात आला त्या दुपारी घरात कोणी जेवलं नाही, कारण काका त्याचं माहितीपत्रक तपासत होते.

वाचत होते असं म्हटलेलं नाही. वाचणं वेगळं, तपासणं वेगळं. काकांनी एका छापखान्यात एकोणचाळीस वर्षं मुद्रितशोधकाचं काम केलं होतं. लेखकांनी लिहायचं, जुळाऱ्यांनी शिशाची अक्षरं जुळवायची आणि छापायच्या आधी दोघांच्याही चुका काकांनी काढायच्या, अशी ती वाटणी होती. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी लाल पेन सदऱ्याच्या खिशातून उतरलेलं नव्हतं. जिन्यातल्या पाटीवर कोणी 'पायपूसणे' लिहिलं, की दुसऱ्या दिवशी त्यातला 'पू' गुपचूप ऱ्हस्व झालेला असे. कोणी केला ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण काकांना वाटे की कोणाला ठाऊक नाही.

माहितीपत्रक बत्तीस पानांचं होतं आणि ते माणसाने भाषांतरित केलं असेल यावर विश्वास बसत नव्हता. 'भांडे आपल्या आत नीट बसवावे' असं एक वाक्य होतं. 'मुलांना शिजवताना यंत्रापासून दूर ठेवावे' असं दुसरं होतं, त्यावर काका चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. पण तिसऱ्या पानावर 'तांदूळ धुवून घ्यावा' आलं आणि ते एकदम गंभीर झाले.

"'धुवून' नाही," ते म्हणाले. "'धुऊन'. 'धू' या धातूत 'व' नाही. ज्यात मुळात 'व' आहे, तिथेच 'वून' होतं. जेव, जेवून."

काकू खुर्चीत बसल्या होत्या. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये होता आणि तो गळ्यातल्या झोळीत लटकत होता. न्हाणीघरात पाय घसरून तीन दिवस झाले होते आणि प्लॅस्टर निघायला सहा आठवडे होते.

"जेवून मध्ये आहे ना 'व'?" त्या म्हणाल्या.

"आहे."

"मग ते कधी, तेवढं सांगा."

संध्याकाळपर्यंत एकशे चौदा चुका निघाल्या. जेवायला पाव आणि केळी होती.

हा कुकर काकांनी हौसेने आणला नव्हता. काकूंचा हात मोडल्याची बातमी लागल्याबरोबर काकूंच्या थोरल्या बहिणीचा फोन आला होता. या ताईंचा आवाज असा होता की फोन कानाला न लावताही नीट ऐकू येई. "मी रविवारी येते," त्या म्हणाल्या. "जेवायलाच येते. भावोजींचं जमतंय असं दिसलं तर चहा पिऊन परत जाईन. नाही जमलं तर बॅग भरूनच आणते. प्लॅस्टर निघेपर्यंत राहते."

मागे एकदा ताई तीन आठवडे राहिल्या होत्या. स्वभावाने त्या वाईट मुळीच नव्हत्या, पण त्यांना रिकामं बसवत नसे. त्या तीन आठवड्यांत त्यांनी काकांची सगळी पुस्तकं पुसून, झटकून उंचीप्रमाणे लावली होती. दिसायला फार सुरेख दिसत होती. फक्त शब्दकोशाचा पहिला खंड एका कपाटात, दुसरा दुसऱ्यात आणि तिसरा टेबलाच्या डगमगत्या पायाखाली सापडला. काकांना सगळं पूर्ववत करायला अकरा महिने लागले. आता सहा आठवड्यांत काय होईल याचा हिशेब करायची त्यांची छाती नव्हती.

आणि काकांचंच नव्हे, काकूंचंही तेच होतं. "ताई आली ना," त्या म्हणाल्या, "की मी सहासष्ट वर्षांची राहतच नाही. सहा वर्षांची होते. ती मला केस विंचरून देते आणि दूध संपवलंस का विचारते. अहो, एवढं एक करा. रविवारपर्यंत भात शिकून घ्या."

काकांनी आयुष्यात पाककृतींची अकरा पुस्तकं तपासली होती. एकाही पुस्तकात मिठाची वेलांटी चुकू दिली नव्हती. पण मीठ कुठल्या डब्यात असतं, हे त्यांना गेल्या शुक्रवारी कळलं.

मंगळवारी सकाळी ते कामाला लागले. ओट्यावर माहितीपत्रक उघडं ठेवलं. पान सात: 'पात्र काढून धुवावे, पुसावे व बाजूला ठेवावे. नंतर तांदूळ व पाणी घालावे. झाकण लावावे. कळ दाबावी.'

काकांनी पात्र काढलं. म्हणजे आतलं भांडं. या माहितीपत्रकात भांड्याला भांडं फक्त एकदाच म्हटलं होतं, बाकी सगळीकडे ते पात्र होतं. ते धुतलं, पुसलं, खिडकीत बाजूला ठेवलं. नंतर तांदूळ घातले. पाणी घातलं. झाकण लावलं. आणि कळ दाबली.

इथे कोणी काकांना वेडा म्हणेल. पण त्यांची बाजूही ऐकायला हवी. पात्र बाजूला ठेवल्यावर ते परत आत ठेवा, असं वाक्य त्यात नव्हतं हे त्यांच्या ध्यानात आलंच होतं. एवढंच नव्हे, तर तिथे त्यांनी समासात लाल प्रश्नचिन्हही केलं होतं. पण मुद्रितशोधकाने अक्षर सुधारावं, मजकूर वाढवू नये, हा या धंद्याचा पहिला नियम. गाळलेलं वाक्य आपल्या मनाने घुसवणारे शोधक काकांनी पाहिले होते. त्यांचं पुढे बरं झालं नाही.

आधी ओट्यावरून पाणी वाहायला लागलं. काकांना वाटलं, वाफेचं असेल. मग कुकरने फट् असा आवाज केला आणि पंखा बंद पडला. मग शेजारच्या घरातला रेडिओ बंद पडला. मग जिन्यातून, दोन मजल्यांच्या मधून, लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाची हाक आली.

तो माणूस म्हणजे वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर होते. हातात डझनभर अंडी घेऊन ते वीस मिनिटं अधांतरी उभे होते. बाहेर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा अंडी मोजली आणि मग विचारलं, "कोणी केलं हे?"

काका जिन्यात उभे होते. "माहितीपत्रकात त्रुटी आहे," ते म्हणाले.

घरात काकू खिडकीपाशी उभ्या होत्या. "अहो, हे भांडं काय शोभेला ठेवलंय?"

"बाजूला ठेवा असं लिहिलंय."

"आणि परत आत घाला असं?"

"असं नाही लिहिलेलं."

"मग तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं गं. पण मूळ मजकुरात..."

काकूंनी डावा हात कपाळावर मारला. उजवा मोकळा असता तर दोन्ही मारले असते. त्या दिवशी उकडलेली अंडी खाल्ली. ती इंजिनिअरांनी दिली होती, आणि ज्या मोठेपणाने दिली होती त्यामुळे काकांच्या घशाखाली उतरेनात.

बुधवारी काका कुकर पिशवीत घालून बसने दुरुस्ती केंद्रावर गेले. हमीपत्र होतं, पावती होती. घेतलेली वस्तू आठवड्याच्या आत बिघडली तर बदलून देऊ, असं पेटीवरच छापलं होतं. 'आठवड्या'त एकही चूक नव्हती. एकूण परिस्थिती आशादायक होती.

केंद्राच्या काचेवर एक पाटी चिकटवली होती: 'पात्र ग्राहकांनीच रांगेत उभे राहावे.'

काकांनी ती तीनदा वाचली. त्यांनी पिशवीत पाहिलं. कुकर होता, झाकण होतं, वायर होती. पात्र खिडकीत राहिलं होतं.

आता दुसरा कोणी असता तर सरळ रांगेत जाऊन उभा राहिला असता. पण काकांचा अनुभव असा, की एकाच कंपनीच्या दोन मजकुरांत एकाच शब्दाचे दोन अर्थ नसतात, निदान नसावेत. 'पात्र' आणि 'ग्राहक' यांच्या मध्ये 'आणलेल्या' हा शब्द गळला असणार, हे उघड होतं. ते पुन्हा बसमध्ये बसले, घरी गेले, पात्र घेतलं, काकूंना "विचारू नकोस" असं सांगितलं आणि तासाभराने रांगेत येऊन उभे राहिले. पात्र त्यांनी दोन्ही हातांत, पोटापाशी, सगळ्यांना दिसेल असं धरलं होतं.

मागे मिक्सर घेतलेल्या एक बाई होत्या. "हे भांडं कशाला हो?" त्यांनी विचारलं.

काकांनी मानेनेच पाटी दाखवली.

बाईंनी वाचली. "अगं बाई! माझं तर घरीच राहिलं." त्यांनी लगेच फोन करून मुलीला मिक्सरचं भांडं घेऊन यायला सांगितलं. त्यांच्या मागचे एक गृहस्थ निघून गेले आणि पाऊण तासाने पातेलं घेऊन परत आले. मग ज्याच्या त्याच्या लक्षात आलं. कोणी पिशवीतून डबा काढला, कोणी समोरच्या दुकानातून वाडगा विकत आणला. शेवटी इस्त्री घेऊन उभा असलेला एक शिंपी राहिला. तो काकांपाशी येऊन हळूच म्हणाला, "इस्त्रीला पात्र कुठून आणू, आजोबा?"

काकांनी मनापासून विचार केला. "तुम्ही बहुधा या रांगेत नसाल," ते म्हणाले.

खिडकीतल्या कारकूनबाई चहा पिऊन परत आल्या तेव्हा त्यांच्यासमोर नऊ माणसं हातात भांडी धरून ओळीने उभी होती.

"हे काय चाललंय?" त्या म्हणाल्या. "अन्नछत्र आहे का हे? कोणी सांगितलं भांडी आणायला?"

आठही जणांनी काकांकडे बोट दाखवलं. आपल्याकडे कोणी बोट दाखवणं ही काकांच्या आयुष्यातली सगळ्यात भीतिदायक गोष्ट होती, आणि इथे एकदम आठ बोटं होती.

"पाटीवर लिहिलंय," ते पुटपुटले.

"अहो, पात्र म्हणजे... पात्र! ज्यांना हमी लागू आहे ते!"

"हं," काका म्हणाले. "मग तसं लिहायला हवं होतं."

बाईंनी एक मोठा श्वास घेतला आणि फॉर्म ओढला. "पावती?"

"आहे."

"काय झालं?"

"पाणी आत गेलं."

"आत? पात्र लावलं नव्हतं?"

"नव्हतं," काका म्हणाले. खोटं बोलायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

बाईंनी रकान्यात लिहिलं: पात्र नाही. आणि वर पाहून म्हणाल्या, "तुम्ही पात्र नाही."

"आहे ना. हे काय, आणलंय." काकांनी भांडं वर धरलं.

"अहो आजोबा, हे पात्र आहे. तुम्ही नाही."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. काकांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चूक होती हे त्यांना मान्य होतं. आपण आयुष्यात कशालाच फारसे पात्र नव्हतो, असं त्यांचं स्वतःचंही बरेच दिवसांचं मत होतं. पण ते मत त्यांनी स्वतःपुरतं ठेवलं होतं. काचेच्या खिडकीतून, शिक्का मारायच्या सुरात, ते अजून कोणी ऐकवलं नव्हतं. ते वळलेच होते. पण रविवार डोळ्यांसमोर आला, बॅग आली, दूध संपवलंस का विचारणारा आवाज आला, आणि खुर्चीत बसलेली सहा वर्षांची काकू दिसली.

"पान सात," काका म्हणाले.

ते इतक्या मोठ्याने बोलले की शेजारच्या माणसालाही ऐकू गेलं. काकांच्या बाबतीत याला आरडाओरडा म्हणत.

"काय?"

"पान सात, ओळ चार." त्यांनी खिशातून माहितीपत्रक काढून खिडकीतून आत सरकवलं. "पात्र बाजूला ठेवा असं आहे. परत आत ठेवा असं नाही. मी लिहिल्याप्रमाणे केलं. लिहिल्यात चूक असेल तर ती वाचणाऱ्याची नव्हे. मी एकोणचाळीस वर्षं याच कामात होतो. मला इतर काही येत नाही, पण एवढं येतं."

बाईंनी पान सात वाचलं. मग सहा वाचलं. मग त्या माहितीपत्रक घेऊन आत गेल्या. आतून व्यवस्थापक बाहेर आले. ते तरुण होते आणि हसू आवरत होते. बहुतेक मुलांना शिजवण्यापर्यंत पोचले असावेत.

"हे सगळं लाल तुम्ही केलंत?"

"पहिलंच वाचन आहे," काका संकोचून म्हणाले. "दुसऱ्यात अजून निघतील."

"वाक्यच गेलंय की हो," व्यवस्थापक पान सातवर बोट ठेवून म्हणाले. "या महिन्यात असे चार कुकर परत आलेत. आम्ही म्हणत होतो, लोकांना झालंय काय!" त्यांनी बाईंना सांगितलं, "यांना नवा द्या. आणि हे पुस्तक मी वर पाठवतो. चालेल ना, सर?"

सर! काकांना आयुष्यात कोणी सर म्हटलं नव्हतं. छापखान्यात त्यांना 'अहो, तुम्ही' अशी हाक होती. त्या भरात त्यांनी मान डोलावली आणि नवा कुकर घेऊन, मिक्सरवाल्या बाईंना "पान सात सांगा" असा सल्ला देऊन घरी आले. पेटी उघडल्यावर कळलं की नव्या पेटीत माहितीपत्रकच नाही.

म्हणजे हाताशी मजकूर म्हणून काही नव्हता. काकांना जन्मात पहिल्यांदा मजकुराशिवाय काहीतरी करायचं होतं, आणि रविवारला चार दिवस उरले होते.

अशा वेळी शेजारी धावून येतात. गुरुवारी इंजिनिअर आले. त्यांनी हयातभर पूल बांधले होते. "काका, सोपं आहे," ते म्हणाले. "सगळा खेळ पाण्याच्या प्रमाणाचा. पाणी जास्त झालं की मजबुती गेली." त्यांनी पाणी स्वतः मोजून घातलं, एकेक चमचा वजा करत. भात झाला. तो पात्रातून उलटा केला तेव्हा पात्राच्या आकारातच ताटात उभा राहिला, आणि काकूंनी चमचा मारला तर चमचा परत आला.

"यावरून ट्रक जाईल," इंजिनिअर अभिमानाने म्हणाले.

"ट्रक जाऊ दे," काकू म्हणाल्या. "माझ्या घशातून जात नाही."

शुक्रवारी समोरच्या नर्सबाई ड्यूटीवरून येता येता डोकावल्या. काकूंचं प्लॅस्टर बघून त्यांना रुग्णाहाराची आठवण झाली. "हलकं द्या हो काका. मऊ, पातळ, मीठ बेताचं. पेशंटला चावायला लावू नका."

"हात मोडलाय बाई, दात नाही," काकू म्हणाल्या. पण तोपर्यंत नर्सबाईंनी पाणी ओतलं होतं. कुकरने ते तासभर उकळलं आणि झाकणाच्या भोकातून ओट्यावर पाठवलं, जणू त्यालाही ते नको होतं. उरलं ते काकूंनी कपातून प्यायलं.

"काल चावत होते, आज गाळून घेते," त्या म्हणाल्या. "अहो, तुमचं स्वतःचं काही मत आहे की नाही?"

प्रश्न साधा होता, पण काकांना तो आजवर कोणी विचारला नव्हता. स्वतःचं मत असणं हे त्यांच्या कामात दोष मानलं जाई. दुसऱ्याचं म्हणणं निर्दोष करायचं, यात त्यांची उमर गेली होती. मग त्यांनी एक कोरा कागद घेतला. वर लिहिलं: 'पहिले प्रूफ, गुरुवार. चूक: पाणी कमी. दुसरे प्रूफ, शुक्रवार. चूक: पाणी फार.' आणि लिहिता लिहिता त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. हे तर त्यांना येत होतं! कुठलंही पुस्तक पहिल्या प्रुफात शुद्ध नसतं. त्यासाठी कोणी रडत बसत नाही. चूक कुठे आहे ते बघायचं, खूण करायची आणि पुन्हा मागवायचं.

शनिवारी त्यांनी शेजाऱ्यांना दार उघडलं नाही. सकाळी अर्धी वाटी तांदूळ, मूठभर मसूर. खाली लागलं. खूण. दुपारी पुन्हा. मधेच झाकण उघडून बघितलं, तर तांदूळ कच्चा राहिला आणि डाळ अर्धी कच्ची. झाकण उघडायचं नाही, आणि डाळ आधी भिजवायला हवी. खूण. संध्याकाळी तेलात लसूण तिथेच, पात्रातच परतला आणि मग धुतलेले डाळ-तांदूळ घातले. वर जाळीत बटाटे आणि गाजरं वाफेला ठेवली. काकू दिवसभर चमच्याने चाखून डाव्या हाताने बोटं वर करत होत्या: एक म्हणजे नको, दोन म्हणजे बरं. संध्याकाळी त्यांनी तीन बोटं वर केली आणि मग जरा विचार करून चौथंही. पाचवं मात्र ठेवून घेतलं. "उद्याला काहीतरी हवं," त्या म्हणाल्या. काकांनी कागदाच्या तळाशी सही केली आणि छपाईचा हुकूम दिला.

रविवारी अकराला ताई आल्या. बॅग खरंच मोठी होती. ती त्यांनी मुद्दाम दारातच ठेवली, ना आत ना बाहेर.

"भावोजी, वास तर येतोय," त्या म्हणाल्या. "कुठून मागवलंत?"

"कुकरात आहे," काका म्हणाले. सदऱ्याच्या बाह्या त्यांनी दुमडल्या होत्या आणि मसूर भिजलेला होता, बटाटे कापलेले होते, कळ दाबून दहा मिनिटं झाली होती. सगळं अगदी शनिवारसारखं चाललं होतं. बरोबर सतराव्या मिनिटाला वीज गेली.

कुकरचा लाल दिवा विझला. काका त्या दिव्याकडे बघत राहिले. या खेपेला त्यांचा काही दोष नव्हता, लिफ्टमध्येही कोणी ओरडत नव्हतं, सगळ्या रस्त्याचीच वीज गेली होती. पण ताईंना कारणाशी कर्तव्य नव्हतं. त्या उठल्या. पदर खोचला.

"राहू द्या आता. व्हा बाजूला. गॅसवर टाकते मी, आणि काय झालंय ते बघू तरी." आणि त्यांनी झाकणाकडे हात नेला.

"ताई," काका म्हणाले. "झाकण उघडायचं नाही."

काकू खुर्चीत ताठ बसल्या. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात काकांनी ताईंना 'नाही' हा शब्द कधी ऐकवला नव्हता. पुस्तकं उंचीने लावताना सुद्धा ते 'हं' म्हणाले होते.

"काय म्हणालात?"

"वाफ जाईल." काका ताईंच्या आणि कुकरच्या मध्ये सरकले. "आत जेवढी आहे तेवढ्यावर अजून वीसेक मिनिटं शिजेल. काल मी मधेच उघडून बघितलं होतं, तेव्हा तांदूळ कच्चा राहिला. संध्याकाळच्या खेपेला उघडलं नाही, तर बरोबर झाला. माझ्याकडे लिहिलेलं आहे."

"आणि नाही झालं तर?"

"नाही झालं तर तुमची बॅग मी स्वतः आत आणतो."

ताई बसल्या. वीस मिनिटं कोणी बोललं नाही. एवढा वेळ ताई न बोलता बसलेल्या काकूंनी जन्मल्यापासून पाहिल्या नव्हत्या. वीज आलीच नाही. घड्याळाचा काटा जागेवर पोचल्यावर काकांनी झाकण उचललं.

वाफेने चष्मा धुरकटला, म्हणून त्यांना पहिल्यांदा काही दिसलंच नाही. त्यांना फक्त ताईंचा आवाज ऐकू आला. "अरेच्चा," ताई म्हणाल्या.

दाणा न दाणा वेगळा होता. मसूर फुटला होता, पण विरघळला नव्हता. लसूण दिसत नव्हता, नुसता कळत होता. बटाट्यात सुरी बुडली, जशी बुडावी तशी. काकांनी तीन ताटं वाढली. काकूंच्या ताटात गाजराचे बारीक तुकडे करून ठेवले, म्हणजे डाव्या हाताने घेता येतील. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

ताई जेवल्या. पहिला घास त्यांनी परीक्षकासारखा घेतला, दुसरा पाहुणीसारखा, आणि तिसऱ्यापासून त्या नुसत्या जेवायला लागल्या. एकदा वाढून घेतलं. पुन्हा वाढून घेतलं. काकूंनी टेबलाखालून काकांना पायाने डिवचलं. जिंकलं, असा त्याचा अर्थ होता.

ताईंनी पाणी प्यायलं, तोंड पुसलं. "जमतंय," त्या म्हणाल्या. "दोघांचं छान चाललंय. माझी काही गरज नाही."

"छे, छे, गरज कशी..." काका म्हणाले.

"नाही. खरं ते खरं." रिकाम्या ताटाच्या काठावरून त्या बोट फिरवत होत्या. मग वेगळ्याच, खालच्या आवाजात म्हणाल्या, "भावोजी, लग्न झाल्याला बावन्न वर्षं झाली. बावन्न वर्षांत मला कोणी बसवून ताट वाढलेलं नाही. मी उठून सगळ्यांना वाढते, मग माझं घेते. तोवर निवलेलं असतं." त्यांनी काकांकडे पाहिलं. "हे गरम होतं."

काकूंनी डावा हात ताईंच्या हातावर ठेवला.

ताईंनी नाक ओढलं, आणि त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. त्या उठल्या, दारातली बॅग उचलून आतल्या खोलीत नेऊन आपटली आणि तिथूनच म्हणाल्या, "मी राहते! कामाला नाही हं. एका काडीला हात लावणार नाही. नुसती जेवायला राहते. रात्री काय आहे?"

काकू काकांकडे बघत राहिल्या. आतून कपाटाची दारं उघडल्याचा आवाज येत होता.

"अहो," त्या कुजबुजल्या, "अजून पाच आठवडे! आता काय करायचं हो?"

काकांनी चष्मा पुसला, नीट नाकावर बसवला आणि रात्रीसाठी मसूर भिजवायला काढला, पुन्हा तिघांचा.

"करायचं काय?" ते म्हणाले. "माणसं माझं खाऊन जायलाच तयार नाहीत, त्याला मी काय करणार?"